पायगुंता

तीन वर्षांपूर्वी मला जर्मनीतल्या एका प्रोजेक्टवर जायची संधी आली होती. मी गेलो नाही. नंतर कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "अडकलोय रे, आई एकटी असते." मागच्या दिवाळीत मित्राला फोनवर हेच सांगत होतो. आई स्वयंपाकघरात करंज्या भरत होती. मी फोन ठेवल्यावर तिने हातातली करंजी मिटता मिटता विचारलं, "मी तुझा पायगुंता झाले का रे?"

"काहीतरीच काय!" मी म्हणालो. पण तो शब्द डोक्यातून जाईना. कारण त्याचा सख्खा भाऊ मला लॅटिनमध्ये भेटला होता.

लॅटिनशी माझी ओळख नोकरीमुळे झाली. कोड लिहिताना 'इम्प्लिसिट' आणि 'एक्स्प्लिसिट' हे शब्द सतत येतात. एकदा त्यांची व्युत्पत्ती शोधायला गेलो आणि तिथेच रमलो. गेली दोन वर्षं रात्री जेवणानंतर थोडं थोडं लॅटिन शिकतो आहे. 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणं. 'इम्प्लिकारे' म्हणजे आत दुमडणं, गुंतवणं. 'एक्स्प्लिकारे' म्हणजे घडी उलगडणं. फ्रेंचमधून वळसा घेऊन इंग्रजीत आलेले 'एम्प्लॉयी' आणि 'डिप्लॉय' हेसुद्धा याच घराण्यातले. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर मी गुंतवलेला माणूस आहे आणि उलगडण्याचा पगार घेतो.

अडथळ्यासाठी मात्र लॅटिनमध्ये वेगळं क्रियापद आहे, 'इम्पेदिरे'. यात पाय आहे. लॅटिनमधला 'पेस' आणि आपला संस्कृत 'पाद'मधून आलेला 'पाय' हे एकाच मुळाचे. इम्पेदिरे म्हणजे पाय अडकवणं, थेट पायगुंताच. 'एक्स्पेदिरे' म्हणजे तोच पाय सोडवणं.

रोमन सैन्य आपल्या सामानसुमानाला 'इम्पेदिमेन्ता' म्हणायचं, म्हणजे अडथळे. इ.स.पू. ५७ मध्ये नर्व्ही लोकांनी सीझरवर हल्ला करण्याचा बेत आखला तो याच सामानाच्या भरवशावर. प्रत्येक लीजनच्या मागे तिचं सामान असेल, त्यामुळे पहिल्या लीजनच्या मदतीला बाकीच्यांना लवकर येता येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. शत्रू जवळ आल्यावर सीझरने क्रम बदलला. सहा लीजन पुढे, मग सगळं सामान, शेवटी राखणीला दोन लीजन. सामान त्याने टाकून दिलं नाही. ज्याला अडथळा म्हणायचं त्याच्यावरच मुक्काम चालायचा, मग टाकणार कसं?

पण आई म्हणजे सामान नव्हे. तिच्या प्रश्नाच्या जास्त जवळ मला व्हर्जिल नेतो. 'इनीड'च्या दुसऱ्या सर्गात समुद्रातून आलेले दोन साप लाओकोऑनच्या दोन लहान मुलांना विळखा घालतात. तिथे क्रियापद आहे 'इम्प्लिकारे'. पुढे त्याच सर्गात ट्रॉय जळत असताना एनियास म्हाताऱ्या वडिलांना खांद्यावर घेऊन निघतो आणि छोटा युलस बापाच्या उजव्या हातात आपला हात गुंतवतो. क्रियापद तेच, 'इम्प्लिकारे'. सापाच्या विळख्याला आणि लेकराच्या हाताला एकच शब्द! एनियासची बायको क्रेउसा त्यांच्या मागून चालत असते. शहराबाहेर पोचल्यावर सगळ्यांना पाहतात, तेव्हा फक्त तीच नसते.

हे वाचून गुंतणं चांगलंच असतं असा निष्कर्ष काढायचा मला मोह झाला होता. पण विळखा कधीकधी खरंच सापाचा असतो. कर्जात, आजारपणात, घरच्यांच्या हट्टापायी जखडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना "हे तर प्रेम" असं सांगणं क्रूरपणाचं होईल. शब्दाला फक्त आकार कळतो. गाठ कोणी मारली, ते आपल्यालाच पाहावं लागतं.

सेनेकाने ल्युसिलियसला लिहिलेल्या २२व्या पत्रात हाच विषय आहे. नको त्या कामांत गुंतला असशील तर गाठ तोडण्यापेक्षा हळूहळू सोडव, असा त्याचा सल्ला आहे. पण पुढे तो चिमटा काढतो. गुलामगिरीने धरून ठेवलेली माणसं थोडी, गुलामगिरीला धरून बसलेली पुष्कळ, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. ते वाचलं आणि मी पुस्तक मिटलं.

कारण तीन वर्षांपूर्वी आईने मला "जा" असंच सांगितलं होतं. मावशी शेजारच्याच इमारतीत राहते. मला भीती वाटत होती. तिथली टीम माझ्यापेक्षा फार हुशार होती, आणि महिन्याभरात माझं पितळ उघडं पडेल असं मला वाटत होतं. माझ्या पायात दोरी नव्हती. भीतीने पाय उचलत नव्हता आणि कारण म्हणून मी आईचं नाव पुढे केलं होतं.

माणसांमुळे आपण थांबतो, त्यात वाईट काही नाही. पण एखाद्याला आपला अडथळा म्हणणं हा त्याच्यावर आरोप असतो. माझा आरोप खोटा होता, आणि ज्या व्यक्तीवर तो होता तिला तो तीन वर्षं ठाऊकसुद्धा नव्हता. शिवाय त्याच्या बदल्यात मला लोकांकडून "किती गुणी मुलगा" अशी शाबासकी मिळत होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं." आणि चहाचे कप उचलून आत जाता जाता म्हणाली, "आता कोणी विचारलं, तर माझं नाव सांगू नकोस."