मतभेद हीदेखील अमानत



निवडणूक जवळ आली की घराघरांत एकच चर्चा चालते : कोण जिंकणार? जो हरेल त्याने पुढे काय करावयाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक मतदानातून दोन जबाबदाऱ्या निर्माण होतात. एक राज्य चालविण्याची आणि दुसरी राज्य चालविणाऱ्याला जाब विचारण्याची. उर्दूत विरोधी पक्षाला ‘हिज्ब-ए-इख्तिलाफ’ म्हणतात, म्हणजे वेगळे मत बाळगणाऱ्यांचा गट. मराठीतील ‘विरोधी’ या शब्दाला जी भांडणाची छटा आहे, ती या शब्दाला नाही, आणि मला तो अधिक नेमका वाटतो.

आपल्यातील काही मंडळी म्हणतात की, सत्ताधाऱ्याला विरोध म्हणजे फितना आणि फितन्यापासून दूर राहणे हेच दीनदाराचे काम. या म्हणण्याची कसोटी सीरतवर लावून पाहू.

हिजरी सन ३ मध्ये मक्केची फौज मदीनेवर चालून आली. शहरात राहूनच मुकाबला करावा, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा स्वतःचा कल होता. परंतु मसलतीत बाहेर पडून लढण्याचा आग्रह प्रबळ ठरला. विशेषतः बद्रच्या लढाईत सहभागी होता न आलेले तरुण त्यासाठी अधीर होते. प्रेषितांनी (स.) तो आग्रह मान्य केला आणि चिलखत चढविले. सुमारे एक हजार माणसे उहुदकडे निघाली. वाटेत अब्दुल्लाह बिन उबई आपली सुमारे तीनशे माणसे घेऊन परत फिरला. माझा सल्ला मानला गेला नाही, ही त्याची तक्रार होती.

येथे क्षणभर थांबावे. त्याचा सल्लाही शहरात राहण्याचाच होता! म्हणजे मत म्हणून पाहिले तर ते चुकीचे नव्हते आणि वेगळे मत मांडणे हा त्याचा अपराधही नव्हता. मत मान्य झाले नाही म्हणून ऐन संकटात त्याने समाजाला वाऱ्यावर सोडले, हा त्याचा अपराध होता. ज्यांचे स्वतःचे मत तेच होते ते प्रेषित (स.) मात्र सर्वांच्या पुढे चालत होते. एकनिष्ठ मतभेद आणि निफाक यांच्यातील सीमारेषा याहून स्पष्ट कोठे दिसणार?

त्या दिवशी सत्तर सहाबी शहीद झाले. दुसरा एखादा शासक असता तर म्हणाला असता, ‘पाहिलेत ना तुमचे ऐकल्याचे फळ? यापुढे कोणाला विचारणार नाही.’ पण उहुदनंतर अवतरलेल्या आयतीत (दिव्य कुरआन, ३:१५९) अल्लाहने आपल्या प्रेषितांना आदेश दिला तो त्या लोकांना माफ करण्याचा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करण्याचा आणि कारभारात त्यांच्याशी मसलत करीत राहण्याचा. मसलतीचा निर्णय महागात पडला, तरी मसलत बंद झाली नाही.

हुदैबियाच्या तहाच्या वेळी हजरत उमर (रजि.) यांना तहाच्या अटी मानहानीच्या वाटल्या. त्यांनी प्रेषितांना (स.) समोर उभे राहून विचारले की, आपण सत्यावर असताना हा कमीपणा का पत्करावयाचा? पुढे त्या बोलण्याचा त्यांना आयुष्यभर पश्चात्ताप होत राहिला. त्यासाठी त्यांनी रोजे ठेवले, सदका दिला. परंतु त्या वेळी त्यांना कोणी गद्दार म्हटले नाही. सीरतच्या ग्रंथांत तहाच्या साक्षीदारांमध्ये त्यांचे नाव आहे. सूरह फतह अवतरली तेव्हा प्रेषितांनी (स.) मुद्दाम उमर यांनाच बोलावून ती ऐकविली. अर्थात अल्लाहच्या प्रेषितांशी कोणत्याही शासकाची तुलना होऊ शकत नाही. मुद्दा एवढाच की, जेथे वह्यी अवतरत होती तेथेही प्रश्नकर्त्याला जागा होती. मग वह्यीशिवाय राज्य करणाऱ्यांनी प्रश्नांना किती जागा ठेवली पाहिजे!

शासकाच्या बाजूचे कर्तव्य मात्र हजरत अली (रजि.) यांच्याकडून शिकावे. खारिजी कूफ्याच्या मशिदीत त्यांचा खुत्बा अडवून घोषणा देत. त्यावर अली (रजि.) यांनी त्यांना तीन आश्वासने दिली. आम्ही तुम्हाला अल्लाहच्या मशिदींतून रोखणार नाही. तुम्ही आमच्यासोबत आहात तोवर सार्वजनिक उत्पन्नातील तुमचा वाटा बंद करणार नाही. आणि तुम्ही लढाई सुरू करेपर्यंत आम्ही ती सुरू करणार नाही. शस्त्र उचलले गेले ते खारिजींनी निरपराधांचे रक्त सांडल्यानंतरच. बंडखोरीविषयीचे नियम ठरविताना फुकहांनी या तीन वाक्यांचा मोठा आधार घेतला आहे.

पण प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आपल्या इतिहासात या शिकवणुकीची टिकाऊ संस्था उभी राहिली नाही. खिलाफत घराण्यांकडे गेली. काझीपद नाकारणारे इमाम अबू हनीफा (रह.) मन्सूरच्या तुरुंगात गेले. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी मुअतसिमच्या काळात चाबकाचे फटके सोसले, तरीही पुढे वासिकविरुद्ध बंड करू पाहणाऱ्यांना त्यांनीच अडविले. असत्याला होकार दिला नाही आणि समाजात रक्तपातही होऊ दिला नाही. त्यांच्याकडे धैर्य होते. नव्हते ते कायद्याचे संरक्षण.

ते संरक्षण आधुनिक संसदीय पद्धतीने दिले. १८२६ मध्ये ब्रिटिश संसदेत एका सदस्याने ‘राजाचा विरोधी पक्ष’ असा शब्दप्रयोग काहीशा थट्टेने केला आणि तो रूढ झाला. विरोध सरकारला, निष्ठा राज्याला, असा त्याचा आशय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे भाषण करताना लोकशाहीच्या यशाच्या अटींमध्ये विरोधी पक्षाचे अस्तित्व ही एक अट सांगितली.

या संदर्भात १९७७ हे वर्ष आठवण्याजोगे आहे. काँग्रेस प्रथमच केंद्रातील सत्तेबाहेर गेली. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेले मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि आणीबाणीच्या सरकारात परराष्ट्रमंत्री असलेले आपले यशवंतराव चव्हाण लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षी, सूडाला पुरेपूर निमित्त असताना, जिंकलेल्यांच्या बहुमताने संसदेत कायदा संमत झाला तो विरोधी पक्षनेत्याला अधिकृत दर्जा आणि वेतन देणारा. हरलेल्याचा वाटा बंद न करण्याचे हे उदाहरण आपल्याच देशातले आहे.

पुढे २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे लोकसभेतील हे पद रिकामे राहिले. एकूण जागांच्या एक दशांश जागा हव्यात, असा संकेत आहे आणि सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला आधी ४४, मग ५२ जागा मिळाल्या होत्या. १९७७ च्या कायद्यात मात्र एक दशांशाचा आकडा नाही! २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी एक दशांश जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. मतदारांचा कौल शिरोधार्यच आहे. तथापि जाब विचारणारा दुबळा झाला की त्याची झळ प्रथम कोणाला लागते? ज्याची सत्तेपर्यंत पोहोच नाही त्याला. रेशनकार्ड अडलेल्या विधवेचा प्रश्न सभागृहात सत्ताधारी आमदार सहसा विचारीत नाही.

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. प्रेषितांनी (स.) सांगितले की, आपल्या भावाला मदत करा, मग तो अत्याचारपीडित असो की अत्याचारी. सहाबींनी आश्चर्याने विचारले, अत्याचारी असेल तर मदत कशी करावयाची? उत्तर मिळाले की, त्याचा हात रोखणे हीच त्याला मदत. विरोधामागील नियत अशी असली पाहिजे. ज्याला रोखावयाचे तो नष्ट व्हावा अशी नव्हे, तर तो सुधारावा अशी.

नियत अशी असेल तर साधनेही शुद्ध हवीत. एखाद्या गटाच्या वैराने तुम्हाला अन्यायास प्रवृत्त करू नये, हा कुरआनचा आदेश (५:८) आपल्याला न आवडणाऱ्या पक्षालाही लागू आहे. त्या पक्षाच्या नेत्याबद्दलचा खोटा संदेश व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणे हे गुनाहचेच काम, मग उद्देश कितीही चांगला वाटो. बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम (४९:६) निवडणुकीच्या दिवसांत स्थगित होत नाही. त्याच सरकारने वस्तीत चांगला दवाखाना उभारला तर तसे उघडपणे म्हणावे. आपल्या टीकेला त्यामुळे वजनच येईल.

आणि हे सारे आपल्या जमातीपासून सुरू व्हावे. मशिदीच्या ट्रस्टच्या निवडणुकीत हरलेला गट वेगळी नमाज सुरू करतो, जिंकलेला गट हिशेब विचारणाऱ्याला फसादी ठरवितो, हे चित्र अनेक गावांत आहे. समाजात फूट पाडण्यासाठी उभारलेल्या मशिदीविषयी सूरह तौबामध्ये काय म्हटले आहे, ते पहिल्या गटाने वाचावे. दुसऱ्याने हजरत अलींची तीन आश्वासने वाचावीत. पुढील सर्वसाधारण सभेत निदान एवढे तरी करता येईल : जो ठरावाशी असहमत असेल त्याचे म्हणणे त्याच्या नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यावे, हिशेबाची वही त्याच्या हाती द्यावी, आणि ठराव संमत झाल्यावर वर्गणी गोळा करावयास त्यानेही सर्वांबरोबर निघावे.