व्रणांसकट तारण

दुःखाच्या घरी सांत्वनाला आलेला माणूस बहुधा घाईत असतो. ‘देवाची मर्जी’, ‘यातही काही चांगलं असेल’ असं म्हणून तो उठतो. आम्हा ख्रिस्ती लोकांत ही घाई जरा जास्तच दिसते, कारण गुड फ्रायडेला जमलेल्या मंडळीला ईस्टर ठाऊक असतो. पण मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरचा येशू देवालाच विचारतो, मला का टाकलंस? वरून उत्तर येत नाही. आमच्या श्रद्धेच्या गाभ्यातच हा आक्रोश आहे. तो पुरता ऐकल्याशिवाय आशेची भाषा करण्याचा अधिकार आम्हाला मिळत नाही.

ही घाई टाळून दुःखाकडे कसं पाहता येतं, ते नागपूरपुरतंच पाहू. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची गाणी-कथा टिपल्या, इथल्या खडकांतले जीवाश्म जमवले. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाट परिसरातली प्राचीन शिळावर्तुळं पाहायला ते गेले आणि परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. पन्नाशीही गाठली नव्हती. 1883 मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. म्हणून ते मरण सार्थकी लागलं असं म्हणणं मला क्रूर वाटतं. पूर हा पूरच होता. मागे राहिलेल्यांनी त्यांचं काम खाली पडू दिलं नाही, एवढंच खरं, आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

याच नागपुरात कवी नारायण वामन टिळक बुटी या धनिकांच्या आश्रयाने राहत होते. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं ते कायमचं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची भजनं आजही मराठी मंडळ्यांतून गायली जातात.

पण या श्रद्धेची किंमत मोजली कुणी? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याला देव भेटला आणि बायकोचं घर मोडलं. माहेर-सासरच्या माणसांत बसून तिने तो वियोग काढला. पुढे ती टिळकांकडे परतली, तीही आपलं सोवळं सांभाळून. जातिभेद माणसांनी केला, देवाने नव्हे, हे तिला स्वतःच्या विचाराने पटलं, तेव्हाच तिने तो टाकला. 1900 मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. नंतर प्लेगच्या दिवसांत तिने परक्यांच्या आजारी मुलींची उशा-पायथ्याशी बसून शुश्रूषा केली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ती टिळकांवर जीव ओवाळते आणि त्यांनी दिलेला त्रासही पानोपानी सांगते. क्षमा केली म्हणून तिने झालेलं पुसून टाकलं नाही.

इथे मला योहानाच्या शुभवर्तमानातला शिष्य थोमा आठवतो. पुनरुत्थित ख्रिस्ताने त्याला आपले हात दाखवले, तेव्हा खिळ्यांचे व्रण तिथे तसेच होते. मरण जिंकलेल्या देहावरून ते सहज नाहीसे करता आले असते. शिष्यांना प्रभूची ओळख मात्र त्या व्रणांवरूनच पटली. तारणाचा अर्थ मला या प्रसंगात सापडतो. जखम भरते, तिचा इतिहास राहतो, आणि तो इतिहास दुसऱ्या जखमी माणसाच्या उपयोगी पडतो.

पंडिता रमाबाईंनी हे जगून दाखवलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. 1896-97 च्या दुष्काळाने मध्य प्रांताला गाठलं, तेव्हा त्या इकडे आल्या. भुकेने खंगलेल्या मुली आणि विधवा यांना त्यांनी सोबत नेलं, पुण्याजवळच्या केडगावला अन्न, निवारा, शिक्षण आणि हाताला काम दिलं. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तरुणपणीची उपासमार त्यामुळे चांगली ठरत नाही. मात्र त्या आठवणीने त्यांना घरी बसू दिलं नाही.

म्हणून आशेची माझी कसोटी साधी आहे. सोसणाऱ्याला ‘अजून सोस’ म्हणणारी आशा मी ख्रिस्ती मानत नाही. मार खाणाऱ्या बाईला वधस्तंभाचा दाखला देऊन घरी परत पाठवणं, जातीचा अपमान गिळणाऱ्याला स्वर्गाचं आश्वासन देणं, हा वधस्तंभाचा गैरवापर आहे. येशूला खिळणारी सत्ता अन्यायी होती, हे विसरून त्याच्या मरणाची पूजा करता येत नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला याच नागपुरात अनेक मंडळ्या आपापले भेद बाजूला ठेवून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणून एकत्र आल्या. त्या ऐक्याचं मोल सभागृहातल्या ठरावांवर ठरणार नाही. कर्जाने नवरा गमावलेली विदर्भातली शेतकरीण, मेडिकल रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर रात्र काढणारा बाप, यांच्याशेजारी आम्ही किती वेळ बसतो आणि त्यांच्या हक्कासाठी कुणापुढे उभे राहतो, यावर ते ठरेल. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या माणसाला दुःखापासून तोंड फिरवण्याची गरज उरत नाही, आणि त्या दुःखाशी तडजोड करण्याची मुभाही उरत नाही.