निर्बंध उठवण्याचे कलम

मराठी वृत्तपत्रांत ‘निर्बंध लादले’ हे दोन शब्द इतके सरसकट वापरले जातात की त्यांच्यामागे तीन अगदी वेगळ्या कृती असू शकतात याकडे वाचकाचे लक्ष जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव केला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने आदेश काढला किंवा तेथील काँग्रेसने, म्हणजे संसदेने, विधेयक संमत करून कायदा केला, तरी मथळा तोच राहतो. लादण्याच्या वेळी तिन्हींचा परिणाम सारखाच असतो. बंदरे ओस पडतात, बँका पैसे पाठवायचे थांबवतात आणि औषधांच्या दुकानांत फळ्या रिकाम्या होतात. फरक दिसतो तो निर्बंध उठवण्याच्या वेळी. जुलै २०१५ मध्ये अमेरिका आणि क्युबा यांचे राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले, मार्च २०१६ मध्ये बराक ओबामा स्वतः हवानाला गेले, आणि तरीही क्युबावरील व्यापारबंदी उठली नाही, कारण ती उठवणे त्यांच्या अधिकारातच राहिले नव्हते. एका राष्ट्राध्यक्षाने घातलेली बंदी दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाला मनात असूनही काढता येऊ नये, ही गोष्ट खटकते आणि निर्बंधांच्या कायद्याकडे कायदा म्हणून पाहायला भाग पाडते.

निर्बंधांविषयीचे दोन नेहमीचे वाद येथे बाजूला ठेवता येतील. निर्बंधांत राज्यकर्ते तगतात आणि प्रजा भरडली जाते, हे ऑगस्ट १९९० नंतरच्या इराकने जगाला दाखवून दिले आहे. तेथील मानवतावादी मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये याच कारणासाठी संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडली. निर्बंधांनी हेतू साधतो का, हा दुसरा वाद. अर्थतज्ज्ञ हफबाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी सुमारे एक तृतीयांश यशस्वी ठरवली, तर रॉबर्ट पेप यांनी त्यांतील चाळीस यशे पुन्हा तपासून जेमतेम पाच मान्य केली. या वादांत कायद्याच्या रचनेचा प्रश्न मात्र मागे पडतो, आणि क्युबाचा तिढा नेमका त्या रचनेत आहे.

फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन केनेडी यांनी क्युबाशी होणारा जवळजवळ सर्व व्यापार बंद केला तो एका घोषणेने, आणि पुढची तीन दशके ही बंदी मुख्यतः राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात राहिली. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्युबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतील क्युबन निर्वासितांच्या संघटनेची दोन छोटी विमाने पाडली, त्यांत चार जण मृत्युमुखी पडले, आणि तोवर रेंगाळलेल्या एका विधेयकावर बिल क्लिंटन यांनी सतरा दिवसांत स्वाक्षरी केली. सिनेटर जेसी हेल्म्स आणि प्रतिनिधी डॅन बर्टन यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने जुनी बंदी कायद्यात गोठवली. बंदी स्थगित करण्यासाठी क्युबात असे सरकार यावे लागेल की ज्याने राजकीय कैद्यांना सोडले आहे, गुप्त पोलिसांचे खाते विसर्जित केले आहे, अठरा महिन्यांत मुक्त निवडणुकांची हमी दिली आहे आणि ज्यात फिडेल किंवा राऊल कास्त्रो यांचा समावेश नाही, असे त्यात नमूद झाले.

येथे एक भेद करणे आवश्यक ठरते, तो म्हणजे दंड आणि अट यांतील भेद. दंड भूतकाळाकडे पाहतो. जे घडले त्याची किंमत वसूल करणे एवढेच त्याचे काम असते. अट भविष्याकडे पाहते; समोरच्याने अमुक केले तर अमुक मिळेल, असे वचन तिच्यात असते आणि वचन देणाऱ्यालाही ती बांधते. निर्बंधांचे समर्थन नेहमी अटीच्या भाषेत केले जाते, परंतु प्रत्यक्ष कायदे अनेकदा दंडाच्या घडणीचे असतात. भारताने हा अनुभव स्वतः घेतला आहे. १९९४ मध्ये झालेल्या ग्लेन दुरुस्तीनुसार, अण्वस्त्रधारी म्हणून मान्यता नसलेल्या देशाने अणुस्फोट केला की अमेरिकेची मदत, शस्त्रविक्री आणि कर्जहमी बंद होणार होती, आणि त्यात सूट देण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या आणि हे कलम लागू झाले. झालेला स्फोट मागे घेता येत नाही, तेव्हा त्या दंडातून बाहेर पडायला भारताने काय करायचे, याचे उत्तर मूळ कलमात नव्हते. भारताने अनिवासी भारतीयांना ‘रिसर्जंट इंडिया बाँड’ विकून सुमारे ४.२ अब्ज डॉलर उभे केले, काँग्रेसने नंतर सूट देण्याचा अधिकार निर्माण केला, आणि सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवरील हल्ल्यांनंतर, उरलेले निर्बंध माफ झाले. भारताने त्या काळात अण्वस्त्रे सोडली नव्हती आणि अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सहीही केली नव्हती. बदलली होती ती अमेरिकेची गरज.

मराठी समाजाला या दंडाचे एक जुने रूप परिचयाचे आहे. वाळीत टाकणे म्हणजे एखाद्या कुटुंबाशी रोटीबेटीचा व्यवहार तोडणे, त्याला पाणवठ्यावर, लग्नकार्यात आणि अंत्यविधीतही एकटे पाडणे. आरोप एका व्यक्तीवर असे, पण चूल साऱ्या घराची विझे. शेजाऱ्याने मीठ दिले तर तोही दोषी ठरे, आणि परत घ्यायचे की नाही, कोणत्या किमतीवर घ्यायचे, हे पंच त्या त्या वेळी ठरवीत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करून सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. ज्या कायद्यात परतीची वाट लिहिलेली नाही किंवा ती लादणाऱ्याच्या मर्जीवर सोडली आहे, तो कायदा राष्ट्रांच्या पातळीवरही वाळीत टाकण्याहून फारसा वेगळा उरत नाही. शेजाऱ्यालाही दोषी धरण्याची वृत्ती हेल्म्स-बर्टन कायद्यात आहेच: क्युबाने जप्त केलेल्या अमेरिकी मालमत्तेचा वापर करणाऱ्या परदेशी कंपन्यांवर खटले भरण्याची मुभा त्यात होती, म्हणून युरोपीय संघाने त्याच वर्षी नियम करून आपल्या कंपन्यांना तो कायदा पाळण्यासच मनाई केली. निर्बंध राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने यावेत आणि आदेशाने जावेत, कायद्याने त्यांना हात लावू नये, असा निष्कर्ष येथवरच्या विचारातून निघतो.

या निष्कर्षाला सर्वांत ठाम विरोध हेल्म्स यांच्या भूमिकेचा आहे. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांनी बदलतात, त्यांना वाटाघाटींचे यश दाखवायचे असते, म्हणून हुकूमशहाला फक्त वाट पाहायची असते. कायदा त्याची ही आशा संपवतो आणि म्हणून त्याला गांभीर्याने घ्यायला लावतो, असे या भूमिकेचे सार आहे. यातील पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र अर्धाच खरा आहे, कारण न बदलणारी धमकी विश्वसनीय ठरते ती तिच्यासोबतचे वचनही तितकेच विश्वसनीय असेल तरच. क्युबाच्या राज्यकर्त्याने एक पाऊल टाकले तर त्या पावलाला काय मोल मिळेल, हे कायदा सांगत नाही. आधी सारे सोडा आणि सत्ताही सोडा, एवढेच तो सांगतो. ज्यांना जायला सांगायचे त्यांचीच नावे अटीत लिहिली की ती अट त्यांच्यापुरती दंड होते.

तरीही कायद्याविरुद्धचा निष्कर्ष टिकत नाही, आणि तो मोडतो हेल्म्स यांनीच ज्याला विरोध केला त्या कायद्याने. दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालणारा १९८६ चा वर्णविद्वेषविरोधी कायदा राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना नको होता. त्यांनी तो नकाराधिकार वापरून परत पाठवला, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो नकाराधिकार निष्प्रभ केला, आणि सिनेटमध्ये पुढाकार घेणारे रिचर्ड लूगर राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे होते. निर्बंध आदेशावर सोडले असते तर ते त्या वेळी या स्वरूपात आलेच नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कायद्याने पाच गोष्टी मोजून सांगितल्या: नेल्सन मंडेला व इतर राजकीय कैद्यांची सुटका, आणीबाणीचा शेवट, पक्षांवरील बंदी उठवणे, वंशानुसार वस्त्या आणि जन्मनोंदी ठरवणारे कायदे रद्द करणे, आणि कृष्णवर्णीय प्रतिनिधींशी सद्भावाने वाटाघाटी मान्य करणे. पहिली गोष्ट आणि उरलेल्या चारांपैकी तीन झाल्या की राष्ट्राध्यक्षाला निर्बंध थांबवता येत होते. हुकूम कोणाचा चालावा याची चर्चा त्यात नव्हती. कोणती कृती व्हावी एवढेच होते. प्रिटोरियातील सरकारला आपण कोठे उभे आहोत हे कलम वाचून कळत होते. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले, जून १९९१ मध्ये जन्मनोंदणीचा कायदा रद्द झाला आणि जुलै १९९१ मध्ये जॉर्ज बुश यांनी निर्बंध उठवले.

वर्णविद्वेष या कायद्यामुळे संपला असे म्हणणे तेथील जनतेच्या लढ्यावर अन्याय करणारे होईल. १९८५ मध्ये अमेरिकी बँकांनी कर्जांचे नूतनीकरण नाकारल्याचा फटकाही मोठा होता. शिवाय मंडेला यांना १९९१ मधील ती घाई मान्य नव्हती. कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळालेला नव्हता आणि पहिली खुली निवडणूक एप्रिल १९९४ मध्ये झाली. त्यांचा आक्षेप न्याय्य होता. परंतु कायद्याने दिलेला शब्द अपुऱ्या न्यायाच्या क्षणीही पाळला गेला, आणि पुढच्या कोणत्याही अटीला वजन येते ते अशा पाळलेल्या शब्दांमुळेच.

आदेश लवचीक असतात हे गृहीतकही तपासल्यावर उरत नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधील ओलीस प्रकरणानंतर जिमी कार्टर यांनी जाहीर केलेली इराणविषयक आणीबाणी प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने वर्षानुवर्षे वाढवली आहे, जरी ओलीस जानेवारी १९८१ मध्येच सुटले. उलट स्पष्ट अट असूनही कायदा रेंगाळतो हेही खरे आहे. सोव्हिएत संघ ज्यूंना देश सोडू देत नाही म्हणून १९७४ च्या व्यापार कायद्यातील जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्तीने त्याला इतरांइतक्या कमी जकातीची सवलत नाकारली. ज्यू मोकळे झाले, सोव्हिएत संघच उरला नाही, पण रशियापुरती ती दुरुस्ती २०१२ पर्यंत कायम राहिली. म्हणजे अटीसोबत मुदतही हवी, जी संपली की सभागृहाला पुन्हा मत द्यावे लागेल. इराणविषयक १९९६ च्या कायद्यात अशी मुदत होती. ती दर वेळी वाढवली गेली, तरी प्रत्येक वेळी काँग्रेसला तो निर्णय नव्याने घ्यावा लागला.

मुदतीची गरज का, हे दोन वेळा उघडलेल्या एकाच फटीवरून समजते. पोखरणनंतर पाकिस्ताननेही चाचण्या केल्या, आणि त्याच्या गव्हाच्या खरेदीला अमेरिकी शेतकरी मुकणार हे दिसताच जुलै १९९८ मध्ये काँग्रेसने शेतमालाची कर्जहमी निर्बंधांतून वगळली. २००० मध्ये क्युबालाही रोखीने अन्नधान्य विकण्याची मुभा मिळाली. दोन्ही वेळा फट पडली ती मतदाराच्या शेताच्या बाजूने. निर्बंधांचे कायदे जे सभागृह करते त्याच्यापुढे त्यांची झळ सोसणाऱ्यांचे मत नसते, म्हणून त्यांच्या बाजूने बोलायचे काम कायद्याच्या कलमांनाच करावे लागते. निर्बंध कायद्यानेच यावेत, परंतु त्या कायद्यात कृतींची मोजलेली अट, टप्प्याटप्प्याने मिळणारी सूट आणि मुदत असावी, येथे हा विचार पोहोचतो. ज्या वर्षी क्युबावर बंदी आली त्या वर्षी हवानात जन्मलेला माणूस आता साठी ओलांडून गेला आहे. फिडेल कास्त्रो २०१६ मध्ये वारले, राऊल यांनी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि २०२१ मध्ये पक्षाचे नेतृत्व सोडले, आणि कायद्याने नावानिशी घातलेली अट जवळजवळ आपोआप पुरी झाली. हवानातल्या त्या माणसावरची बंदी मात्र अजून उठलेली नाही, आणि ती उठण्यासाठी त्याने स्वतः काय करावे हे त्या कायद्याच्या एकाही कलमात लिहिलेले नाही.