जुनं पाणी

झाशीत लक्ष्मी गेटच्या आतल्या घरांमधली दगडी फरशी उखडून टाइल बसवायचं काम निघालं की पलंग हलतात, कपाटं हलतात, देवही चार दिवस माडीवर जातात. अडतं ते कोपऱ्यातल्या फिश टँकपाशी. मिस्त्रीला मात्र त्यात काही अवघड वाटत नाही. "भाभीजी, चार जने लगेंगे, भरी-भराई उठा लेंगे." रोज ग्रॅनाइटच्या लाद्या उचलणारा माणूस तो.

पण लादी हातात हलत नाही, पाणी हलतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढ्याच उंचीच्या टाकीत काठोकाठ भरलं तर सुमारे १९० लिटर पाणी मावतं, म्हणजे १९० किलो. काच आणि खडी वेगळी. चौघांपैकी एकाचा हात जरा खाली गेला की सगळं पाणी त्या कोपऱ्याकडे धावतं आणि काचेला पीळ पडतो. काचा एकमेकींना धरून असतात त्या सिलिकॉनच्या सांध्यांवर. सांधा तिथल्या तिथे सुटतोच असं नाही. काही दिवसांनी, नव्या फरशीवर पाझरायला लागतो.

तेव्हा टाकी रिकामी करणं आलं. आधी हीटर बंद करून निवू द्यायचा, नाहीतर पाणी उतरताच तो तडकतो. मासे त्याच पाण्यासह झाकणाच्या बादलीत, सोबत हवेचा पंप. खडी काढून घ्यायची आणि टाकी खालून हात घालून उचलायची, वरच्या कडेला धरून नव्हे.

इथवर सगळे नीट करतात. घोटाळा पुढे होतो. रिकामी झालीच आहे तर घासूनच टाकू, असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. दिवाळीच्या साफसफाईत वाढलेली माणसं आपण. खडी नळाखाली खळखळून धुतली जाते, फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज पांढरा होईतो पिळला जातो, टाकी ताज्या पाण्यानं भरते. आरशासारखी दिसते. दोन-चार दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

धुऊन गेलेला तो बुळबुळीत थरच टाकी चालवत होता. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. थरातले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिला मारतं. म्हणून स्पंज न धुता, जुन्या पाण्यात बुडवून, हवा चालू ठेवून सांभाळायचा, आणि टाकी परत भरताना नवं पाणी हळूहळू घालायचं. सोवळ्याच्या कुठल्याच हिशेबात न बसणारी ही स्वच्छता आहे.

म्हणजे मळ जितका जास्त तितकं बरं, असंही नाही. गेटबाहेरच्या लक्ष्मी तलावात हेच जिवाणू हेच काम करतात, पण शहराच्या सांडपाण्यापुढे त्यांचं किती चालणार? त्याच परिसरात झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या कुलदेवतेचं, महालक्ष्मीचं देऊळ आहे आणि १८५३ साली वारलेल्या राजा गंगाधररावांची छत्रीही. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. कोकणातून बुंदेलखंडात आलेल्या माणसांनी घरं मागे ठेवली, देवी मागे ठेवली नाही. इथल्या मराठी घरांत दाराबाहेर बुंदेली आणि आत मराठी अशी सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या होत गेली. नवं पाणी हळूहळू घालावं, हे त्यांना कुणी शिकवलं नसणार.

बाकी काळजी धुळीची. टाइल कापताना उडणारी सिमेंटची भुकटी पाण्यात गेली तर पाणी अल्कधर्मी होतं आणि तशा पाण्यात अमोनिया जास्त जहरी ठरतो. बादल्या दूरच्या खोलीत हव्यात, पंपही तिथेच, कारण तो आजूबाजूची हवाच ओढून आत सोडतो. आणि हे काम मे महिन्यात तर काढूच नये. झाशीचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

फरशी पुरती वाळल्यावरच स्टँड ठेवावा. त्याचे पाय जिथे येणार त्या टाइल नाण्यानं वाजवून बघाव्यात. एखादी पोकळ बोलली तर मिस्त्री असतानाच उखडायला लावावी. नंतर तो सागर गेटला दुसऱ्या कामावर असतो आणि फोन उचलत नाही.