शुश्रूषा करणाऱ्याचें शरीर कोणाचें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज इस्पितळांत चाकरीस आहेत. कोणी नर्स, कोणी आया, कोणी स्वैंपाकघरांत, कोणी झाडलोटीस. इन्फ्लुएंझाची लस टोंचून घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न त्यांच्यापुढें दरवर्षीं येतो. कित्येक म्हणतात, "शरीर आमचें, दुखणें आमचें, दुसऱ्यानें त्यांत कां पडावें?" ह्या म्हणण्यांत तथ्य किती, तें पाहूं.

हा ज्वर म्हणजे साधें पडसें नव्हे. 1918 च्या जून महिन्यांत तो मुंबई बंदरांतून शिरला, आणि पुढील कांहीं महिन्यांत त्यानें हिंदुस्थानांतील एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. 2009 सालीं त्याच्या एका नव्या जातीचा देशांतील पहिला बळी पुण्यांत पडला. त्याची मोठी खोड अशी कीं, जो तो पसरवितो त्यास स्वतःस ठाऊक नसतें. अंगांत ताप दिसण्याच्या एक दिवस आधींपासूनच मनुष्य तो दुसऱ्यास देऊं लागतो. सशक्त नर्सबाईस केवळ अंग मोडून आल्यासारखें वाटतें. रजा कोठें मागावी, म्हणून ती कामावर येते. तिच्या हातून पाणी पिणारी गरोदर बाई, दम्यानें खिळलेला म्हातारा, तान्हें मूल, ह्यांच्या मात्र तेंच दुखणें फुप्फुसांत उतरतें. रोग्यास नर्स निवडतां येत नाहीं. जी येईल तिच्या स्वाधीन त्यास व्हावें लागतें. "दुखणें आमचें" हें वाक्य एकट्यानें रानांत राहणाऱ्याच्या तोंडीं कदाचित् शोभेल. खाटेपाशीं उभें राहणाऱ्याच्या तोंडीं तें शोभत नाहीं.

दरवर्षीं कां, असें विचारतात. ह्या रोगाचे जंतु आपलें रूप पालटीत असतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षांतून दोनदां लशींत कोणत्या जाती असाव्या हें ठरविते. टोंचल्यानेंच ज्वर येतो ही समजूत खोटी. सुईनें देण्याच्या नेहमींच्या लशींत जिवंत जंतु नसतात. दंड दुखतो, कोणास एकदोन दिवस कसर वाटते, इतकेंच. लस म्हणजे पोलादी कवच मात्र नव्हे. जंतूंशीं ती चांगली जुळली त्या वर्षीं आजाराचा धोका शंभरांत 40 ते 60 इतका कमी होतो, आणि टोंचल्यावर अंगांत बळ येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात.

सेवकांनीं ती घेतल्यानें रोगी वांचतात काय? 1996-97 च्या हिंवाळ्यांत स्कॉटलंडांत वृद्धांच्या 20 इस्पितळांची पाहणी झाली. ज्या दहांत सेवकांस लस देऊं केली तेथें शंभरांत सुमारें 14 वृद्ध वारले, इतर दहांत सुमारें 22. परंतु दोहोंकडील वृद्धांत ह्या रोगाचे जंतु जवळजवळ सारखेच आढळले, म्हणून कित्येक विद्वान ह्या आंकड्यांवर पूर्ण विसंबत नाहींत. आम्हीही आमचा सगळा भार त्यांवर टाकीत नाहीं. धोका थोडा जरी कमी होत असला आणि त्याची किंमत एका दुखऱ्या दंडाइतकीच असली, तरी ती कोणीं द्यावी हें ठरविण्यास तेवढें पुरे.

मग सक्ती करावी काय? अमेरिकेंत सिएटल शहरांतील व्हर्जिनिया मेसन इस्पितळानें 2004 सालीं तसा नियम केला. नर्सांच्या संघानें तक्रार नेली, आणि संघाशीं बोलल्यावांचून असा नियम नर्सांवर लादतां येणार नाहीं असा निवाडा झाला. ज्या नर्सांनीं लस घेतली नाहीं त्यांनीं तोंडावर मुखपट्टी बांधून काम केलें. तरी पुढल्याच हिंवाळ्यांत शंभरांत 97 हून अधिक सेवकांनीं ती घेतली होती. आमच्या मतें त्या नर्सांचें हुकुमाविषयींचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. हुकुमानें दंड पुढें होतो, मन होतेंच असें नाहीं. आणि रात्रपाळीस, कोणी पाहत नसतां, हात धुणें, पट्टी नीट बांधणें, हें सर्व मनावरच चालतें. वरिष्ठांनीं लस फुकट द्यावी, पाळीच्या वेळींच द्यावी, आणि आजारी सेवकाची रजा कापूं नये. एवढें न करितां सेवकांस बोल लावणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

हें लिहितांना आम्हांस स्वतःचीही आठवण होते. आम्ही रोग्यांच्या भेटीस जातों, खाटेवर बसतों, हात हातांत घेतों. नाक वाहत असतांही, गेलें नाहीं तर वाईट वाटेल म्हणून, अनेकदां गेलों आहों. लशीविषयीं आम्हांस कोणी कधीं विचारलें नाहीं. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आम्हीं ती प्रथमच घेतली. नर्सबाई हंसून म्हणाल्या, "बरें झालें, पाळकसाहेब, तुम्ही तर सगळ्याच वॉर्डांत फिरतां."