नाजीर आणि त्याचे शेजारी

(वाचनपाठ : गणना ६ : १-२१, आमोस २ : ६-१२, प्रेषितांची कृत्ये २१ : १७-३०)

नाजीराच्या नवसाचे नियम वाचताना आपले लक्ष बहुधा त्या एका मनुष्याकडेच लागते. त्याने काय वर्ज्य करावे, केस किती वाढवावे, नवस कसा फेडावा, ह्याचाच आपण विचार करितो. परंतु नाजीर हा रानात एकटा राहणारा बैरागी नव्हे. त्याला घर होते, भाऊबंद होते, शेजारी होते. आणि त्याचा नवस तडीस जाणे किंवा मोडणे हे पुष्कळ अंशी ह्या भोवतालच्या लोकांच्या हाती असे. त्यांच्याचविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम नवसाचे स्वरूप पाहू. पुरुष असो वा स्त्री, ज्या कोणाला परमेश्वराप्रीत्यर्थ काही काळ वेगळे व्हावेसे वाटे, त्याने तीन गोष्टी पाळावयाच्या. द्राक्षारस व मद्य वर्ज्य. इतकेच नव्हे, तर ताजी द्राक्षे, सुकलेली द्राक्षे, त्यांच्या बिया व सालीही वर्ज्य. डोक्यास वस्तरा लावावयाचा नाही. आणि प्रेताजवळ जावयाचे नाही, मग ते आईचे वा बापाचे का असेना. हा शेवटला नियम फारच कडक होय. सामान्य याजकाला आपल्या आईबापांच्या प्रेताजवळ जाण्याची मोकळीक लेवीयाच्या एकविसाव्या अध्यायात दिली आहे. प्रमुख याजकाला मात्र ती नाही. म्हणजे नांगर धरणारा साधा शेतकरी ह्या बाबतीत प्रमुख याजकाच्या पंक्तीस बसे. इब्री भाषेत प्रमुख याजकाच्या पवित्र मुकुटाला जो शब्द आहे, तोच नाजीराच्या वाढलेल्या केसांनाही लाविला आहे. (त्याच शास्त्रात विसाव्याच्या वर्षी न छाटता सोडलेल्या द्राक्षवेलीलाही नाजीर म्हटले आहे. जो द्राक्षाला शिवत नाही त्याचेच नाव वेलीला मिळावे, ही मौजच म्हणावयाची.)

नवसाची मुदत ज्याची त्याने ठरवावी. मुदत बोलून दाखविली नसेल तर ती तीस दिवसांची समजावी, असा यहूदी गुरूंचा निर्णय मिश्ना ग्रंथात नमूद आहे.

आता शेजाऱ्यांकडे वळू. ज्या देशात डोंगराच्या उतरणीवर द्राक्षमळे आणि गावोगाव खडकात कोरलेली द्राक्षकुंडे, जेथे लग्न असो वा कापणी असो, पेला पुढे आल्यावाचून पंगत होत नसे, तेथे नाजीराने काय करावे? त्याने पंगतीस बसावे आणि पेला तेवढा पुढे सरकवावा. असे दिवसामागून दिवस करणे सोपे नव्हे. शमशोनाच्या जन्माची वार्ता आली तेव्हा मानोहाच्या बायकोला काय आज्ञा झाली हे आठवा. व्रत मुलाचे, परंतु द्राक्षारस आधी आईने सोडावयाचा होता. एकाचे व्रत घरातल्या दुसऱ्याने अंगावर घेतले म्हणजे ते कसे उभे राहते, हे तेथे दिसते.

ह्याच्या अगदी उलट चित्र आमोस संदेष्ट्याने दाखविले आहे. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या कारकीर्दीत, इस्राएलाच्या राज्याला भरभराट आली होती. तकोवा गावचा हा मेंढपाळ तेथे गेला व त्याने त्या लोकांच्या पापांचा पाढा वाचला. नीतिमानाला त्यांनी रुप्यासाठी विकले, गरिबाला एका जोड्यासाठी विकले, दीनांना तुडविले. आणि ह्याच यादीत, ह्याच घोर पापांच्या ओळीत, तो म्हणतो की त्यांनी नाजीरांना द्राक्षारस पाजला. वाचकहो, येथे थोडे थांबा. जो नाजीर प्याला त्याच्याविषयी आमोस एक शब्दही बोलत नाही. दोष पाजणाऱ्याच्या माथी आहे. आणि पाजणाऱ्याने काही त्याचे हात बांधले असतील असे नव्हे. बहुधा हसतहसतच पेला पुढे केला असेल; एक घोट घेतल्याने काय होते, तू आमच्याहून मोठा झालास काय, असेच काही म्हटले असेल.

आता आपण आपल्या मंडळ्यांकडे पाहावे. दारू सोडण्याची शपथ घेतलेला एखादा बंधू लग्नाच्या मांडवात येतो. त्याला कोण गाठतो? परका मनुष्य क्वचित. त्याचा चुलता, त्याचा मेहुणा, कधी तर उपासनेत त्याच्याच शेजारी बसणारा मनुष्य. ह्याला आपण थट्टा म्हणतो. आमोसाने तिला गरिबाला विकण्याच्या शेजारी जागा दिली आहे, आणि ती जागा बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु नवस मोडला तर पुढे काय? नियमशास्त्रात ह्याचीही तरतूद आहे, आणि ती मला त्या अध्यायातील सर्वांत दयेची गोष्ट वाटते. कोणी अकस्मात नाजीराजवळ मरण पावले तर त्याचे मागले दिवस फुकट जात. सातव्या दिवशी त्याने डोके मुंडवावे, आठव्या दिवशी दोन होले किंवा पारव्याची दोन पिले याजकाकडे आणावी, दोषार्पणासाठी एक वर्षाचे कोकरू द्यावे, आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे. त्याला हाकलून द्या असे कोठेही सांगितलेले नाही. मिश्नात आदियाबेने देशाच्या हेलेना राणीची हकीकत आहे. तिचा नवस सात वर्षांचा होता. त्यानंतर ती यहूदी देशात आली तेव्हा गुरूंनी तिला आणखी सात वर्षे पाळावयास लाविली. त्यांच्या अखेरीस तिला विटाळ झाला आणि पुन्हा सात वर्षे, अशी एकवीस वर्षे ती नाजीर राहिली. (एका गुरूच्या मते चौदाच.) ज्या बंधूचे पाऊल घसरले त्याला आपण, ‘आम्हांला ठाऊकच होते,’ असे म्हणतो. शास्त्र त्याला म्हणते, आज पहिला दिवस.

येथे कोणी विचारील, नवसाने तारण मिळते काय? मुळीच नाही. आपला प्रभू नासरेथकर होता, नाजीर नव्हता; हे दोन शब्द एक समजू नयेत. तो पंगतीस बसला, द्राक्षारस प्याला, आणि नाईन गावच्या वेशीत त्याने मृताच्या तिरडीस हात लाविला. विश्वासाने नीतिमान ठरण्याची सुवार्ता ज्याने सर्वांत स्पष्ट सांगितली तो पौल. त्याने स्वतः नवसामुळे किंख्रियात केस कापविले होते. तथापि त्यावर त्याने कधी अभिमान मिरविला नाही.

राहता राहिला खर्च. नवस फेडताना नाजीराने होमार्पणासाठी एक वर्षाचा कोकरा, पापार्पणासाठी एक वर्षाची मेंढी व शांत्यर्पणासाठी एक एडका द्यावा लागे. त्यासह बेखमीर भाकरींची टोपली, अन्नार्पण आणि पेयार्पण. मग केस कापून शांत्यर्पणाखालच्या विस्तवात टाकावयाचे. जवळ ठेवण्यास काही उरत नसे. गरीब मनुष्याला तीन जनावरे कोठून मिळणार? दिवस पुरे होत, आणि डोके मुंडविण्यास पैसा नसे. म्हणून अशांचा खर्च दुसऱ्याने भरणे हे मोठे पुण्याचे काम समजले जाई. अग्रिप्पा राजा इसवी सन ४१ मध्ये राज्य मिळवून यरुशलेमात आला तेव्हा त्याने पुष्कळ नाजीरांची ही सोय केली, असे योसेफस लिहितो. पण त्याच्यामागे राजाचा खजिना होता.

पौल तंबू करणारा. तो यरुशलेमात आला तेव्हा याकोबाने व वडिलांनी त्याला चौघे पुरुष दाखविले; त्यांच्यावर नवस होता. ह्यांचा खर्च तू भर, असे त्यांनी सांगितले. चौघांची मिळून बारा जनावरे होतात. हे लोक पौलाच्या मंडळ्यांतले नव्हते. नियमशास्त्राविषयी त्यांचा आवेश त्याच्याहून निराळा होता. त्याने हरकत घेतली नाही, वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी तो त्यांच्याबरोबर शुद्ध होऊन मंदिरात गेला आणि प्रत्येकासाठी अर्पण केव्हा होईल ते त्याने कळविले. लूकाने त्या चौघांची नावे लिहिली नाहीत. सात दिवस संपत आले होते, तेव्हा आशियातल्या यहूद्यांनी पौलाला त्याच मंदिरात पाहिले व त्याच्यावर हात टाकिले.