मधमाशीचा संचय आणि भिक्षूचे पात्र

एकादशस्कंधात अवधूताने मधमाशी आणि मध काढून नेणारा, या दोघांनाही गुरू केले आहे. भास्करभट्ट बोरीकरांच्या ‘उद्धवगीते’मुळे तो स्कंध महानुभावांस परिचित आहे. माशीपासून दोन बोध घ्यावयाचे: अनेक ठिकाणांहून थोडे थोडे घ्यावे, आणि साठवू नये, कारण साठ्यापायी माशीचा नाश होतो. येथे शंका अशी की, संचय हा दोष असेल तर माशी जन्मतःच दोषी ठरते काय?

माशीची चर्या पाहता शंकेचे निरसन होते. फुलोऱ्याच्या दिवसांत कामकरी माशी सुमारे ६ आठवडे जगते. आरंभी ती पिल्लांना भरविते, मेणाचे पोळे बांधते. मकरंदासाठी ती बाहेर पडते ती आयुष्याच्या उत्तरार्धात. तिने आणलेला मध पुष्कळदा तिच्यामागून जन्मलेल्या माश्या फुले नसताना खातात. तो तिचा संग्रह नव्हे, पोळ्याचा निर्वाह होय. वासनिकाने मुलाबाळांसाठी धान्य राखणे याच कोटीतले. भिक्षूस पोळे नाही. त्याने उद्यासाठी ठेवलेली भाकरी केवळ अविश्वासाची असते.

आता घेण्याचा विचार. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या बागांत माशी फुलातील पराग नेते आणि नेता नेताच फळधारणेस साह्य करते. तिच्या घेण्याने झाड उणे होत नाही, सफळ होते. ऐन फुलोऱ्यात विषारी फवारणी करणारा मात्र आपल्या उपकारकर्त्यासच मारतो. आग्या मोहोळ जाळून पिळणारा मधाबरोबर अंडी-पिल्लीही चिरडतो. सातेरी माशी पेटीत राहते. मधयंत्राने तिचा मध काढला तर पोळे शाबूत राहते. तरीही टंचाईच्या दिवसांपुरता मध मागे न ठेवल्यास तीही हिंसाच होय.

मध नेणाऱ्याचे दार्ष्टांतिक कोण? एकादशस्कंधात ती उपमा यतीलाच दिली आहे. गृहस्थाने कष्टाने मिळविलेले अन्न यती त्याच्या आधी सेवितो. म्हणून मधुकरी मागणाऱ्याने आपले पात्र किती भरले हे पाहू नये. आपण दारातून वळल्यावर त्या घरातील लेकराच्या वाट्याची भाकरी उरली आहे की नाही, हे पाहावे. घेतल्यानंतर देणारा कोणत्या स्थितीत उरतो, हाच घेण्याच्या शुद्धतेचा निकष होय.